रबरताईची सहा मॅगझिनं

नेमबाजीच्या क्लबात तिला सगळे रबरताई म्हणत. एका लहानशा वर्कशॉपमध्ये ती पंपांसाठी रबराची गॅस्केटं कापायची. बोटांची टोकं कायम काळपट, आणि कपड्यांना असा वास की बसमध्ये शेजारचा माणूस आधी टायरकडे वाकून बघे.

नेमबाजीशी तिची गाठ पडली तीही कामातूनच. रेंजवर निशाणांच्या मागे गोळ्या अडवायला रबराचे जाड पडदे असतात, ते बदलायला ती गेली होती. काम उरकल्यावर क्लबाचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काका म्हणत, गमतीनं म्हणाले, "पडदा तुम्ही लावलात, आता पहिली गोळीही तुमचीच." पाचांतल्या चार मधल्या वर्तुळात बसल्या. काकांनी चष्मा पुसून परत बघितलं. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. पुढची गोष्ट घडली तेव्हा चव्वेचाळीस.

तिचा खेळ पळापळीचा. एका जागेवरून दुसऱ्या जागी धावायचं, वाटेतली निशाणं टिपायची, आणि घड्याळ चालूच. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची पत्र्याची चपटी डबी बसते, तिला मॅगझिन म्हणतात. ते रिकामं झालं की बटण दाबून तसंच खाली पडू द्यायचं आणि कमरेचं भरलेलं आत सरकवायचं. वाकून उचलायला वेळ कुणाला असतो? त्यामुळे मॅगझिनं काँक्रीटवर आपटतात, खडीत लोळतात, कधी स्वतःच्याच बुटाखाली येतात.

पिस्तूल तिनं एका जुन्या नेमबाजाच्या बायकोकडून घेतलं होतं, तो गेल्यावर. सोबत सहा मॅगझिनं मिळाली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि दुसऱ्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी तीन-चार वर्षं ताटकळावं लागलं असतं. ही सहा टिकतील तोवरच आपला खेळ, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

म्हणून ती जिवापाड जपायची. प्रत्येकाच्या तळाला तिनं कापलेला रबराचा बूट. अंगावर नेलपॉलिशनं घातलेला आकडा. सरावाला फक्त पाच आणि सहा नंबर, आणि तेही जमिनीवर जुन्या गाद्या अंथरून. घरी आली की स्प्रिंग बाहेर काढून आतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची. तेलाचा थेंब नाही, कारण तेलाला माती चिकटते. मग केसाएवढा फरकही दाखवणारं मापाचं व्हर्नियर घेऊन तोंड मोजायचं. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या आत वळवलेल्या दोन कडा असतात, वरची गोळी त्याच धरून ठेवतात. त्या केसभर जरी फाकल्या तरी गोळी तिरकी वर येते आणि पिस्तूल अडकतं.

तिचा नवरा बसचालक. तो म्हणायचा, "माझे गुडघे कामातून गेले, त्यांना कधी रबर लावलं नाहीस ते!"

"तुम्ही काँक्रीटवर पडत नाही," ती मान वर न करता म्हणायची.

अकरा वर्षांत ती एकदाही राज्याच्या संघात गेली नाही. संघात चौघं घेत. ती पाचवी, नाहीतर सहावी. आणि इकडे मॅगझिनं एकेक करून चालली होती. पाच आणि सहा सरावात झिजून गेली. चारावर तिचाच पाय पडला. उरली तीन, आणि सामन्याच्या मोठ्या फेरीला तीन लागतातच. निवड चाचणीला तीन महिने असताना तिसरं अडकायला लागलं. तिनं मोजलं. तोंड फाकलं होतं.

तिनं ओळखीच्या-अनोळखी सगळ्या क्लबांना फोन केले. एक दुकानदार म्हणाला, "ताई, हे मॅगझिन मी फोटोतच बघितलंय." शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका निवृत्त माणसाकडे दोन असल्याचं कळलं. पाच तास बसनं गेली. माणूस भला होता. त्यानं चहा दिला, मॅगझिनं कापडात गुंडाळून आणली आणि कौतुकानं म्हणाला, "जरा अडकत होती, मी पकडीनं सरळ केली बघा."

दोन्हीच्या कडांवर पकडीचे दात उमटले होते. एक कड आत गेलेली, एक बाहेर.

"काय झालं? नाही का चालणार?"

"चालतील की," ती म्हणाली. तो पैसे घ्यायला तयार होईना, दोन्ही तशीच देऊन टाकली. स्टँडवर बाकावर बसून ती इतकी रडली की तिची बस आली आणि निघूनही गेली.

रविवारी वर्कशॉप रिकामं असताना तिनं वस्तू घट्ट धरणाऱ्या व्हाइसच्या जबड्यांना लाकडाचे तुकडे लावले आणि आधी त्या परक्यांतलं एक घेतलं. कड दाबताच तडकली. दुसरं जमलं. अगदी नेमकं नाही, पण गोळी धरण्याइतकं. त्यानं तिला धीर आला आणि तिनं आपलं तिसरं हातात घेतलं. एक बाजू झाली. दुसरी होत आली होती, एवढ्यात टक् असा बारीक आवाज झाला. नखाएवढा तुकडा फरशीवर पडला. अकरा वर्षं धुळीपासून राखलेलं मॅगझिन तिच्याच हातानं मोडलं. तो तुकडा तिनं उचलला आणि उगाच परत जागेवर धरून पाहिला.

त्यानंतर तिनं सराव बंद केला. पूर्ण बंद. भिंतीसमोर रिकाम्या हातानं उभी राहून ती नुसतं मॅगझिन बदलण्याचं सोंग करायची.

"सरावाशिवाय सामना?" नवऱ्यानं विचारलं.

"सराव केला तर सामन्याला काय नेऊ?" ती एवढ्या जोरात ओरडली की तो ताट तसंच ठेवून उठला. वर्कशॉपमध्ये तिनं गॅस्केटांचा एक अख्खा लॉट चुकीच्या मापानं कापला. मालकानं न रागावता नवी रबराची शीट काढून दिली. ते तिला जास्त लागलं.

चाचणीच्या दिवशी चार फेऱ्या होत्या. सगळ्या फेऱ्यांचा वेळ एकत्र करायचा, सर्वांत कमी वेळाचे चौघं संघात. पहिल्या फेरीत तिच्या गोळ्या संपल्या, तिनं बटण दाबलं आणि तिचा डावा हात आपोआप खाली गेला. एक नंबर तिनं हवेतच झेललं, खिशात घातलं, मग दुसरं काढलं.

फेरी संपताच काका तिच्या मागे आले. "अहो, हे काय केलंत? दोन सेकंद गेले!"

"कळलं."

"पडू द्या त्याला!"

"काका, माझ्याकडे दुसरं नाही."

"मग कशाला जपताय? उद्यासाठी? आज नाही तर उद्या कसला?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत तिनं पडू दिलं. मॅगझिनं तळाच्या रबरी बुटांवरच पडली. शेवटच्या फेरीत एक नंबर निसटलं, कलंडलं आणि गटाराच्या काँक्रीटच्या कडेवर तोंडानं आपटलं. तो आवाज तिला कानावरच्या टोपणांमधूनही ऐकू आला. ती थांबली नाही. दोन नंबर रिकामं केलं. मग ते परकं. सात गोळ्या सुटल्या, आठवी अडकली. तिनं तळहातानं खालून ठोसा मारला, पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला, वाकडी गोळी उडवून लावली आणि राहिलेलं निशाण टिपलं.

यादी लागली तेव्हा ती पाचवी होती. चौथ्या आलेल्या बाईत आणि तिच्यात दीड सेकंद.

ती गटारापाशी गेली, एक नंबर उचललं. तोंड पार चेपलं होतं. काका शेजारी येऊन उभे राहिले. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मी झेललं, म्हणून संघ हुकला. पडू दिलं असतं तर..."  त्यानं तिचे बूट काढले आणि तिथेच जमिनीवर तिच्याशेजारी बसून राहिला.

पिस्तूल तिनं क्लबाच्या तिजोरीत ठेवलं ते ठेवलंच. रेंजकडे फिरकली नाही. काकांचे फोन उचलले नाहीत. असे चार महिने गेले.

मग एका दुपारी चौथी आलेली बाई वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. ती दातांची डॉक्टर होती. हातात पिशवी, पिशवीत तिच्या नव्या बनावटीच्या पिस्तुलाची आठ मॅगझिनं.

"काकांनी पत्ता दिला. राग येत असेल तर तसं सांगा, मी जाते."

रबरताई यंत्र बंद न करताच म्हणाली, "काय काम आहे?"

"तळाला तुमच्यासारखे बूट हवेत. आमच्याकडे कुणाला जमत नाही."

रबरताईनं हातातलं गॅस्केट कापून पूर्ण केलं. मग यंत्र बंद केलं, हात पुसले आणि पिशवी आपल्याकडे ओढली. खणातून व्हर्नियर काढून तिनं एकेकाचं तोंड मोजायला घेतलं. पाचव्याला ती थांबली, परत मोजलं.

"हे सामन्याला नेऊ नका."

"अहो, हे तर सगळ्यांत नवीन आहे."

"असेल. आधीच्या चारांपेक्षा फाकलंय." तिनं ते वेगळं ठेवलं आणि सहाव्यासाठी हात पुढे केला.