आईनं टाकलेली

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूमवरच्या मैत्रिणींनाही नाही. एकदा इंग्रजीत लिहून पाहिलं होतं. पण तिथे ते फार नीटनेटकं झालं, दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं. फाडून टाकलं.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या मुलींबरोबर शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेले. मला जायचं नव्हतं. पण नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं तर बोलावं लागतं. गेल्यावर बरं वाटत होतं—खोटं कशाला सांगू? मोराची मान इतक्या जवळून कधी बघायला मिळते? आणि तरी प्रत्येक जाळीपुढे वाटायचं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी गर्दी होती. मादी होती. तुकतुकीत, भरल्या अंगाची. जाळीच्या कडेने जायची, कोपऱ्यात वळायची, परत यायची. मातीत तिची पायवाट पडली होती, तिच्या अंगाएवढीच रुंद. राखणदार कौतुकाने सांगत होता, "राहुरीकडची आहे ही. एवढीशी होती. पाटाच्या कडेला सापडली. आईनं टाकलेली."

"कसली मेली आई!" एक बाई म्हणाली. सगळे हसले.

मैत्रीण माझ्याकडे वळली. "अगं, तुमच्याकडचीच की! तू बघितलायस का कधी बिबट्या?"

मी म्हणाले, नाही.

पाटाची कडा—ते माझे शब्द आहेत. आईनं टाकली, हे त्यातूनच निघालेलं. म्हणजे तेही माझंच, नाही का?

मी दहावीत होते. राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवराजवळ आमचा ऊस. तोड चालू होती, अर्धा फड तुटला होता. ऊस तोडणाऱ्या टोळीला आत बिबट्या दिसला होता, म्हणून उरलेल्या उसात पाऊल टाकायचं नाही, अशी पप्पांची सक्त ताकीद. टोळी भाकरी खायला बसली आणि मी शिरले. का? शाळेच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला कुणी उत्तर द्यायचं नाही. मला एक फोटो हवा होता—पंजाच्या ठशाचा, कशाचाही. सापडलं ते पिलूच. उसाच्या वाळल्या पाचटात एकटं, मांजराएवढं, माझ्यावर फिसकारणारं. ओढणीत गुंडाळून घरी आणलं. फोटो टाकला. त्या दुपारी माझा मोबाईल वाजतच राहिला.

मग वनखात्याचा माणूस आला. "ताई, नेमकं कुठं गावलं? आई त्याच जागंवर हुडकत येती. जागा चुकली, तर न्हाई घावायचं तिला."

पप्पा शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "पाटाच्या कडेला." कालव्याचा पाट रस्त्यापलीकडे, आमच्या उसापासून बराच लांब.

"नक्की ना?"

माझ्याऐवजी पप्पाच बोलले. "आवो, इंग्लिश मीडियमची हाय ती. बोलती कमी, पर खोटं न्हाई बोलायची."

संध्याकाळी पिलाला क्रेटमध्ये घालून पाटाच्या कडेला ठेवलं. सकाळी ते तिथेच होतं. दुसऱ्या रात्रीही तिथेच. तिसऱ्या दिवशी वनखात्याचे लोक त्याला घेऊन गेले. माणसांचा हात लागला, आईनं टाकलं—सगळा गाव म्हणाला.

इथवरचं कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. लहान होते, बोलणी बसतील म्हणून घाबरले—एवढ्याला लोक माफ करतात. पण एवढंच नाही.

पहिल्या सकाळी, कुणी उठायच्या आत, मी उसाकडे गेले. ट्रॉलीच्या चाकोरीतल्या फुफाट्यात ठसे होते. मोठे. उसात गेलेले, बाहेर आलेले, पुन्हा आत गेलेले. जिथून मी पिलू उचललं, तिथलं पाचट दबून सपाट झालं होतं—ती तिथे बसली असणार. किती वेळ, कोण जाणे.

पिलू तेव्हा पाटावर होतं. जिवंत होतं, ओरडत होतं. आई कुठे येते आणि पिलू कुठे आहे, हे दोन्ही माहीत असलेली मी एकटीच. एक वाक्य बोलायचं होतं. मी वाकले आणि पाचटाची मूठ घेऊन ठसे पुसले. एकेक. उरलेले पायाने. पप्पांना दिसले असते, तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

दुसऱ्या सकाळीही ती येऊन गेली होती. दुसऱ्या सकाळीही मी पुसले.

घरी आले तेव्हा पप्पा ओट्यावर चहा पीत होते. "पायाला येवढी माती कशाची गं?"

"पिलाला बघायला गेल्ते. पाटावर."

त्यांनी आईला हाक मारली. "बघ गं. लई हळवा जीव हाय हिचा."