खवल्यांसकट रावस

"साफ करून देऊ?" मरोळच्या बाजारात कोळीण विचारते आणि रावसाच्या त्या ओल्या, खारट वासाने मी ऐंशी-ब्याऐंशीतल्या आमच्या चाळीत पोचते.

शेजारची ग्रेसीमावशी कॅथलिक, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ईस्टरला ती आईकडे डबा घेऊन आली. "रिबका, तुमच्यात डुक्कर चालत नाही ना, म्हणून मुद्दाम कोळंबी केली गं."

ज्या मासळीला खवले नाहीत ती आम्हांला वर्ज्य, हे तिला कुठून ठाऊक असणार? आईने हसून डबा घेतला. नारळाच्या रसाचा वास घरभर पसरला आणि मी तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. आईने तो डबा तसाच माझ्या हाती वरच्या पॉल सरांकडे पाठवला. सर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांच्या क्रूसावर येशूची मूर्ती नाही म्हणून मावशीला त्यांची उगाच कीव यायची.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सर मावशीला म्हणाले, "रिबकाबाईंनी काय फर्मास कोळंबी पाठवली होती." आई दारातच उभी होती. मावशी तिच्याकडे न बघता निघून गेली.

आठवडाभर तिचं दार बंद. मग रविवारी चर्चमधून येताना ती अख्खा रावस घेऊन आली, अजिबात साफ न केलेला.

"बघून घे खवले," ती आईला म्हणाली. "सरांनी बायबल उघडून दाखवलं. आमच्याच पुस्तकात होतं गं, मीच कधी वाचलं नाही."

"नको," मी कोळिणीला सांगते. "खवले राहू देत."