पंचमीची होडी

समस्त ग्रामस्थांस कळविण्यात येते की, आमच्या वडिलांनी आरमार उभारण्याचे ठरविले आहे. आरमारात होडी एकच होती आणि ती आमच्या सोप्यात, धान्याच्या कणगीशेजारी बांधायची होती. तरीही प्रसंग गंभीर होता.

कारण आईचं माहेर. ते आमच्या अगदी समोर, कृष्णेच्या पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात आई चालत नदी ओलांडायची. पावसाळ्यात मात्र उंब्रजच्या पुलावरून वळसा, दोन एसट्या. आदल्या वर्षी रस्ताच पाण्याखाली गेला आणि तिची माहेरची नागपंचमी हुकली. पलीकडची झिम्म्याची गाणी तेवढी ऐकू येत होती. ती ऐकत आई दिवस मावळेपर्यंत काठावर बसून होती. फौजेतून पेन्शनीवर आलेल्या वडिलांनी तिथेच शपथ घेतली: पुढच्या पंचमीला स्वतःच्या होडीतून नेईन.

होळीला आंब्याच्या फळ्या आल्या. अर्धवट होडीत आईने शेवया वाळवल्या, धाकटीने बाहुलीचं लग्न लावलं. वडिलांचा जीव होडीवर एवढा, की आषाढभर तिला पावसाचा थेंब लागू दिला नाही. वर ताडपत्री, बाजूला चुलीची ऊब.

पंचमीच्या आदल्या सकाळी होडी नदीत घातली. सांध्यासांध्यातून पाणी आत आलं. वडील कमरेपर्यंत बुडाले, तरी सलामी घेत असल्यासारखे ताठ बसून होते. होडी कशीबशी अंगणात आणली. गावचा सुतार सणाला स्वतःच्या बहिणीला आणायला मेढ्याकडे गेलेला. आणि पंचमीला तर चिरायचं नाही, ठोकायचं नाही. करवत, पटाशी सगळं बंद.

"ऱ्हाऊ दे आता," वडील पुटपुटले.

आईचा भावासाठी धरलेला उपवास होता, तरी ती ताडकन उठली. "आवं, गाडीचं चाक वाळून खुळखुळलं की नदीत भिजत घालता न्हवं? मग हिला का वो कोरडं ठिवलंय?"

दिवसभर अख्ख्या गल्लीने होडीत घागरी ओतल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लोक होडी पाण्यात घालत्यात, तुमी पाणी होडीत घालताय!"

सकाळी फळ्या फुगून सांधे मिटले होते. नवं लुगडं नेसून आई मधोमध बसली, आम्ही पोरं तिला बिलगलो, वडिलांनी वल्ही मारली.

पलीकडे अख्खं माहेर उभं. वडील उतरले, टोपी सारखी केली आणि छाती काढून कौतुकाची वाट बघू लागले. आई भावजयीचा हात धरून निघालीसुद्धा. चार पावलांवर थांबून सगळ्यांदेखत ओरडली, "आवं, उभं काय ऱ्हायलाय? माघारी जावा की, म्हशीची धार ऱ्हायलीया!"