लेकीच्या डब्यातली जवसाची चटणी

आमच्या नल्लकुंटा वस्तीतल्या दवाखान्याच्या नर्सअक्का नसत्या, तर मी लेकीच्या डब्यातली जवसाची चटणी बंदच केली असती.

माझी शाळा सातवीत सुटली. लेकीचंही तसंच होईल याची मला सारखी धास्ती. मी स्वयंपाकाला जाते त्या घरच्या वहिनी एकदा हसल्या, "मावशी, जवस म्हणजे गुरांचं खाणं! पोरीचं डोकं चालायला ओमेगाच्या गोळ्या द्या." मी घाबरून अक्कांकडे गेले.

अक्का म्हणाल्या, "अरे अम्मा, जवस में ओमेगा हैच ना!" मग त्यांनी नीट समजावलं. मेंदूला चांगली चरबी लागते, त्यातली काही शरीराला बनवता येत नाही, ती खाण्यातूनच मिळते. "पण भरड नको, बारीक कुटा. अख्खी बी पचत नाही. आणि चटणी खाऊन कुणी पास होत नाही, अभ्यास घ्या तिचा."

दुसऱ्या दिवशी डब्यात चटणी दिलीच, वर वहिनींच्या टेबलावरही वाटीभर ठेवली. "आधी खा, मग हसा," म्हणाले. वाटी तिथेच ठेवून पोळ्या लाटायला वळले.

मला हे बळ देणाऱ्या अक्का एकट्या राहतात. त्यांचे हात थकतील तेव्हा रोजची गरम भाकरी मी करून घालीन, हा माझा शब्द.