शेंदराखालचं लोखंड

आमच्या देव्हाऱ्यात एक वीर होता. बोरीवलीच्या खोलीतला देव्हारा म्हणजे भिंतीला ठोकलेली फळी. तिच्यावर गणपती, कुलदेवतेचा टाक आणि कडेला हा वीतभर लांबीचा शेंदरी गोळा. घराण्यातला कोणी तरणा मुलगा लग्नाआधीच रानात मेला, त्याचा हा वीर, एवढंच आम्हाला ठाऊक. कसा मेला हे कुणी विचारलं नव्हतं. देवाला कोण असलं विचारतो? वडिलांनी कोकणातून येताना त्याला धोतरात गुंडाळून आणलं होतं. दर अमावास्येला आई त्याला तेल-शेंदूर चढवायची, तिच्या आधी आजीनं चढवला, तिच्या आधी आणखी कुणी. आत दगड असणार असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, खोली तव्यासारखी तापलेली असताना, वीराचं कवच गळून पडलं. आई पुसायला गेली आणि शेंदराचं जाडजूड खापर सालीसारखं सुटून तिच्या हातात आलं. देव असं कवच टाकतात, ते समुद्रात सोडायचं असतं, हे तिला माहीत होतं. पण आतून दगड निघाला नाही. निघालं काळं लोखंड. एका अंगाला उभी भिंत, पुढे आडवा चपटा दांडा, मागे शेपटी, मध्ये भोकं. आईनं मला हाक मारली.

शेजारच्या खोलीत काका राहायचे, वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो ते जरा जास्तच पटकन देत. त्यांनी लोखंड उलटसुलट केलं आणि निकाल लावला.

"वयनी, ह्यां भंगार आसा. कवच आणि ह्यां, दोनय रविवारी गोराईच्या खाडयेत सोडून येतंय."

"सोडा," आई म्हणाली. "पण ह्यां काय आसा, ता माका आदी कळाक व्हया."

माझा टायफॉइड, धाकटीचं लग्न, साकीनाक्याच्या कारखान्यातली माझी नोकरी, सगळं तिनं या वीराकडे मागून घेतलेलं. आता प्रश्न एवढाच होता की ती आयुष्यभर कुणापुढे हात जोडत आली. उसाच्या एखाद्या चरकाच्या तुकड्यापुढे?

मी टूलरूममध्ये फिटर होतो. लोखंड ओळखणं हेच माझं काम, त्यामुळे जबाबदारी आपसूक माझ्यावर आली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत, पोळ्यांखाली, मी वीराला कामावर नेलं. आई दारापर्यंत सोडायला आली.

जेवणाच्या सुट्टीत मी ते रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासलं. आमचे मिस्त्री तोंडात घास घेऊनच जवळ आले. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं त्यांनी एका शस्त्रांच्या कारखान्यात काढली होती.

"अरे, ही तर बंदुकीची बॉडी आहे यार! मोडून काडतूस भरायची ती बंदूक. हे बघ, या खिळीवर नळ्या खाली झुकायच्या. भिंतीत दोन भोकं, म्हणजे दुनळी. आणि मागची शेपटी लाकडी दस्त्यात बसायची." मग ते भिंगातून शोधू लागले. नाव, नंबर, बंदूक तपासल्याचा शिक्का, काहीतरी असायलाच हवं होतं. खालून, बाजूनं, खिळीच्या भोकातूनसुद्धा पाहिलं. एक अक्षर सापडलं नाही.

"कारखान्याची नाय ही," ते म्हणाले. "कुणीतरी घरी बसून केलीय."

माझा विश्वास बसेना. शेंदूर-तेलानं लोखंड इतकं जपलं होतं की कानशीचे ओरखडे अजून दिसत होते, बारीक, एकाच दिशेचे. मी सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या लोखंडी पाटावर, निळा रंग लावला आणि आडव्या दांड्याची वरची बाजू तिच्यावर फिरवली. उचलून पाहिलं तर निळं सगळीकडे सारखं लागलेलं. कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. माझ्याकडून एवढी सपाटी यायला दिवस लागतो, आणि तीही चांगल्या उजेडात, विलायती कानशीनं. कोकणातल्या कुठल्या लोहारी भात्यापुढे, कुणी, काय बघून हे केलं असेल? मिस्त्रींनी डबा बंद केला आणि हात धुऊन परत आले, तेव्हा कुठे त्यांनी ते पुन्हा उचललं.

उभी भिंत आणि आडवा दांडा जिथे मिळतात तो आतला कोपरा त्या कारागिरानं काटकोनात काढला होता. इतका धारदार, की काटकोन तपासायचा गुण्या ठेवला तर फटीतून उजेड दिसेना. आणि तिथूनच भेग गेली होती. आतला कोपरा गोल ठेवायचा असतो, नाहीतर जोर आला की लोखंड तिथेच उकलतं, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याला कोण शिकवणार? त्यानं आपल्या परीनं सर्वात सुंदर कोपरा केला होता.

उजव्या बाजूचं भोक फाटलेलं होतं. त्याच्या काठाला पितळेचा एक थेंब वितळून थिजलेला होता. मिस्त्रींनी त्यावर नख फिरवलं. "काडतुसाचं पितळ हे. बार उडालाय. पण पुढे गेला तेवढाच मागे आलाय." मग हळूच विचारलं, "कोण होता रे हा तुमचा?"



संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. काका दारात उभे होते. मी बोट ठेवून भेग दाखवली, फाटलेलं भोक दाखवलं, पितळेचा थेंब दाखवला. बंदूक रानात मेलेल्या त्या मुलानंच घडवली की दुसऱ्या कुणी, समोर वाघ होता की डुक्कर, ते लोखंड सांगत नाही, हेही सांगितलं. चाप ओढला गेला आणि आग मागे, त्याच्याच अंगावर आली, एवढंच नक्की.

मला वाटलं होतं ती विचारेल, मग हा देव की नाही? काकांनाही तेच वाटलं असावं, कारण ते घसा खाकरून पुढे झाले.

"म्हणजे भाजलो रे तो?" आई म्हणाली.

"हो. तोंड, हात. उजवा जास्त."

ती त्या भोकाकडे वाकली. "इतकी वर्सां मी तेच्याकडे मागतच रवलंय. तेका काय व्हया, ता कधी इचारलंय नाय."

मग ती उठली. पानाच्या डब्यातला चुना तिनं पाण्यात कालवला, निवळू दिला, वरचं पाणी खोबरेल तेलात फेटलं. आमचे हात स्टोव्हवर पोळले की ती हेच लावायची. बोटाच्या टोकानं तिनं ते पांढरं मलम भेगेवर लावलं, मग फाटलेल्या भोकाभोवती, दुखू नये अशा बेतानं, आणि वर फुंकर घातली.

रविवारी काका खाडीवर नुसतं कवच घेऊन गेले.