कोपऱ्यावरचे हातमोजे

बाईंनी अहवाल तीनदा वाचला आणि टेबलावर पालथा घातला. मुख्यालयातून तो लिहूनच आला होता. त्यांनी फक्त सही ठोकायची. 'सदर जवानाने वारंवार सूचना देऊनही हातमोजे घातले नाहीत. दुखापतीस तो स्वतः जबाबदार आहे.'

सदर जवान म्हणजे लंबू. गोदामाच्या आगीत तापलेलं लोखंडी दार ढकलून दोन हमालांना बाहेर काढणारा, आणि आता डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये घेऊन रुग्णालयात पडलेला. बाईंची सही झाली की त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

बाई या अग्निशमन केंद्राच्या प्रमुख. सव्वीस वर्षांपूर्वी इथेच टेलिफोनवर बसून वर्दी घ्यायच्या, म्हणजे कुठे आग लागली ते लिहून घ्यायच्या. नुसते पत्ते लिहून कंटाळल्या, परीक्षा दिली आणि शिडीवर चढल्या. सासूबाई म्हणाल्या, "घरातलं दूध उतू जातं ते हिला दिसत नाही, निघाली जगाच्या आगी विझवायला." दूध अजूनही उतू जातं. केंद्र मात्र बाईंनी चोख चालवलं, निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी मुख्यालयात नवे साहेब आले. या गृहस्थांनी जन्मात जळती काडीसुद्धा फुंकून विझवली नसावी, पण आकड्यांवर भारी जीव. प्रत्येक केंद्राच्या फाटकावर त्यांनी वेळ मोजणारं यंत्र बसवलं. भोंगा वाजल्यापासून साठ सेकंदांत बंब फाटकाबाहेर पडला तर मुख्यालयाच्या पडद्यावर हिरवा आकडा, नाहीतर लाल. लाल आकडे वाढले की केंद्रप्रमुखाने भर बैठकीत उभं राहून कारण सांगायचं, शाळेतल्या पोरासारखं. बाईंनी एकदा सांगितलं होतं, "साहेब, बूट, जाड कोट, हातमोजे, पाठीवर हवेचं नळकांडं. साठ सेकंदांत होत नाही."

"बाकीच्या केंद्रांचं कसं होतं मग?"

कसं होत होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कपडे काखोटीला मारायचे, बंबात उड्या टाकायच्या, फाटक ओलांडायचं आणि पुढच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर थांबून, खाली उतरून, कपडे घालायचे. चालत्या बंबात घालायला जावं तर वळणावर डोकी आपटतात; एकाचे दोन दात तसेच गेले होते. तिकडे कुणाचं घर जळतंय आणि इकडे बंब मिनिटभर कोपऱ्यावर उभा. पडद्यावर सगळं हिरवंगार. गेल्या वर्षी केंद्राला पहिल्या क्रमांकाची ढाल मिळाली. बाईंनी ती हसून घेतली होती, फोटोही काढून घेतला होता. तो आठवला आणि त्यांची कानशिलं तापली.

त्या तशाच उठून बंबाच्या चालकाकडे गेल्या. त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, त्या दिवशी कोपऱ्यावर थांबला होतात?"

"रोजच थांबतो की. तुम्हाला माहीत नाही होय, बाई?"

"माहीत आहे. गोदामाच्या दिवशीचं सांगा."

मामांनी फडकं खाली ठेवलं. "लंबू म्हणाला, थांबा, एक मोजा पडला वाटतं. वॉकीवर तुमचं मुख्यालय ओरडत होतं, कुठवर आलात, कुठवर आलात. मी म्हटलं, चल, एकाने भागव." फडकं पुन्हा उचलत ते म्हणाले, "माझं नाव घाला तिथे. मला आता दीडच वर्ष राहिलंय."

"तुमचं नाव घालून साहेब सुटतील, मामा. गप्प बसा."

कोपऱ्यावर सायकलवाला ट्यूबला ठिगळ लावत होता. बाईंनी विचारायच्या आत त्याने फळीवरून पत्र्याचा डबा काढून पुढे केला.

"मोजून घ्या. अकरा आहेत, जोडी एकाचीही नाही. तुमच्याकडे एकाच हाताची माणसं भरती करतात का हो?"

प्रत्येक मोज्याच्या आत जवानाचा क्रमांक होता. सगळ्यात वरचा लंबूचा, डावा. बाईंनी क्रमांक पुन्हा एकदा वाचला.

"आणून का नाही दिले?"

"दोनदा आणले होते. फाटकावरचा म्हणाला, परत घेतले तर हरवल्याची नोंद करावी लागेल, राहू देत तिथेच."

दुसऱ्या दिवशी बाई डबा आणि ढाल घेऊन मुख्यालयात गेल्या. साहेबांनी डबा एका बोटाने दूर सारला.

"हे काय?"

"ढालीचे नातेवाईक. एकाच घरातले आहेत, म्हणून एकत्र आणले."

साहेबांनी बाईंचा नवा अहवाल वाचला. "म्हणजे तुम्हाला हे सगळं माहीत होतं."

"दोन वर्षं."

"हे असं लेखी दिलंत तर केंद्र तुमच्याकडे राहणार नाही."

"लेखीच दिलंय. जबाबदार म्हणून माझं नाव आहे आणि त्याखाली तुमच्या साठ सेकंदांच्या आदेशाचा क्रमांक. लंबूचं नाव फक्त एका वाक्यात आहे, माणसं वाचवल्याच्या. एक प्रत गोदामाच्या आगीच्या चौकशी समितीला गेलीये."

चौथ्या दिवशी लंबूवरचा ठपका काढल्याचा कागद आला. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: पहिल्या तारखेपासून बाईंची बदली, भांडारात, पाइप आणि बादल्या मोजायला. फाटकावरच्या यंत्राबद्दल कुठे अवाक्षर नाही. ते आपलं जागच्या जागी, डोळा वटारून.

पहिल्या तारखेला पाच दिवस होते. दुपारी भोंगा वाजला. माणसं सवयीने कोट काखेत घेऊन धावली, तर बाई उघड्या फाटकात बंबासमोर आडव्या उभ्या.

"खाली उतरा. घाला."

"बाई, लाल होईल," मामा म्हणाले.

"होऊ दे."

त्यांनी एकेकाची गळ्यापाशी बटणं बघितली, हात पुढे करायला लावले आणि मगच बाजूला झाल्या. बंब कोपऱ्यावरून न थांबता गेला. सायकलवाल्याने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा ट्यूबकडे वळला.

बाई खोलीत येईपर्यंत फोन वाजायला लागलाच होता.

"चौऱ्याण्णव सेकंद? काय करत होता तुम्ही लोक?"

"कपडे घालत होतो," बाई म्हणाल्या. "उद्याही घालणार आहोत."