शिडाच्या जहाजाची आगबोट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासरे उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे ट्रॉयला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात परतीची तारीख अलीकडे आणा म्हणून मागे लागले. सासूबाई गेल्यापासून तिकडेही ते एकटेच होते. पण इथे ना गाडी चालवता येई, ना गप्पांना कुणी. उभा जन्म मुंबईच्या गोदीत जहाजं दुरुस्त केलेला माणूस आमच्या सोफ्यावर नुसता बसून राही. माझा त्यांच्यावर जीव होता. ते जाऊ नयेत असं मला फार वाटायचं. शेवटी नवऱ्याने सोमवारी तिकिटाच्या एजंटला फोन करायचं कबूल केलं.

शनिवारी मी गराज सेलमधून एक लाकडी लढाऊ जहाज आणलं. हातभर लांब, तीन डोलकाठ्या, पांढरीशुभ्र शिडं. तासाभराने बेसमेंटमध्ये गेले, तर सासऱ्यांच्या तिन्ही डोलकाठ्या कापून झाल्या होत्या.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"या काठ्या मध्ये आल्यावर तोफा फिरणार कशा?"

तीन आठवड्यांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं वाक्य. मी रागावायचंच विसरले. मग काय विचारता! माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या दोन वाट्या पालथ्या पडून फिरते बुरूज झाल्या, बॉलपेनच्या नळ्यांच्या तोफा झाल्या. जत्रेतल्या फटफट बोटीत असतं तसं तांब्याच्या नळीचं वेटोळं जहाजाच्या पोटात बसलं आणि त्याखाली थेट देवघरातलं निरांजन. एरवी गाड्यांची इंजिनं डिझाइन करणारी मी आगबोटीसाठी फुलवाती वळत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

रविवारी तळ्यावर निरांजन लावलं. फटफटफट करत आगबोट सुटली. काठाकाठाने लेंगा सावरत बाबा, मागे मी, माझ्या मागे कॅमेरा घेऊन नवरा. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, ती थांबवायची सोयच आम्ही केली नव्हती. पलीकडे मासे पकडत बसलेल्या एका अमेरिकन आजोबांनी तिला अलगद उचललं, बोटाने बुरूज फिरवून पाहिले आणि धापा टाकत पोचलेल्या बाबांना कडक सलाम ठोकला. पुढचा तासभर दोघं हातवारे करत बोलत होते. कोण कोणती भाषा बोलत होतं, देव जाणे.

सोमवारी सकाळी नवऱ्याने एजंटला लावायला फोन उचलला.

"थांब," बाबा म्हणाले. "त्या गृहस्थांकडे अशी आणखी चार जहाजं आहेत. एजंटला विचार, मुक्काम वाढवता येतो का. सहा महिने पुरायचे नाहीत."